आधी तरफ, मग इंजिन

उथळ पाण्यात होडी चालवायची ठरली की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : इंजिन किती हॉर्सपॉवरचे घ्यावे? लाँगटेल, म्हणजे लांब शेपटीच्या इंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न रांगेत बराच मागे असायला हवा. हे यंत्र दिसायला अगदी साधे आहे. पाण्याच्या पंपावर असते तसे हवेने थंड होणारे छोटे पेट्रोल इंजिन, त्याच्या शाफ्टला सरळ जोडलेला दीड-दोन मीटर लांबीचा पोलादी दांडा, त्या दांड्यावर संरक्षक नळी आणि टोकाला लहानसा पंखा. हा सगळा सांगाडा होडीच्या मागच्या फळीवर एका खिळीवर टेकतो आणि डावी-उजवीकडे, वर-खाली फिरतो. चालवणाऱ्याच्या हातात पुढे आलेली दांडी असते. शाळेत शिकलेले टेकू, भार आणि बल हे तीन शब्द आठवले तर हे यंत्र निम्मे कळते, कारण लाँगटेल आधी तरफ आहे आणि मग इंजिन. उथळ पाण्यातून सुटण्याची त्याची खुबी, हात भरून आणणारा त्याचा हट्टीपणा आणि त्याचा धोका या तिन्ही गोष्टी त्या तरफेतून येतात. म्हणून सुरुवात करणाऱ्याने ताकद विकत घेण्याआधी तोल समजून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

हा आकार पाण्याने घडवला आहे. थायलंडच्या कालव्यांत अशा होडीला नावच ‘लांब शेपटीची होडी’ असे आहे. तिथे मोठ्या होड्यांवर चक्क मोटारगाडीचे इंजिन बसवलेले दिसते. व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात या इंजिनाला कोळंबीची शेपटी म्हणतात. तिथे तीच छोटी इंजिने शेतकऱ्यांनी भाताला पाणी चढवायला आणि होडी चालवायलाही वापरली. अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीत वॉरन कोको यांनी १९७७ साली ‘गो-डेव्हिल’ या नावाने अशी इंजिने बनवायला सुरुवात केली आणि बदकांच्या शिकारीला जाणाऱ्यांमध्ये ती रुजली. तिन्ही ठिकाणचे पाणी एकाच जातीचे : उथळ, गढूळ, वेलींनी आणि बुडालेल्या ओंडक्यांनी भरलेले. अशा पाण्यात नेहमीचे आउटबोर्ड इंजिन दोन कारणांनी अडते. त्याचा पाय होडीच्या तळाखाली पाऊण-एक फूट सरळ खाली उतरतो, तो गाळात रुततो. शिवाय ते बाहेरचेच पाणी आत खेचून थंड होते, त्यामुळे गाळ आणि शेवाळ आत गेले की पंपाचे रबरी चाक झिजते, वाट तुंबते आणि इंजिन तापते. लाँगटेलला पाणी खेचायचेच नसते, आणि त्याची शेपटी तिरपी मागे पसरलेली असल्यामुळे पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिरतो. ओंडका आडवा आला तर पंख्याखालचा लोखंडी पाय त्यावरून घसरतो आणि शेपटी आपोआप वर उचलली जाते.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. इंजिन उथळ पाण्यात चालते, म्हणून होडीही चालेल असे नाही. सपाट तळाची, १२ फुटी होडी घ्या. तिच्या तळाचे पाण्याला टेकणारे क्षेत्र साधारण ४ चौरस मीटर असते. ही होडी १ सेंटिमीटर खाली दबली की ४० लिटर पाणी बाजूला सरते, म्हणजे दर ४० किलो वजनाला ती १ सेंटिमीटर बुडते. होडी, इंजिन, दोन माणसे आणि सामान मिळून २८० किलो झाले तर समतोल होडी अवघे ७ सेंटिमीटर पाणी घेईल. आता तेच वजन मागे लोटून पाहा. चालवणारा माणूस मागे बसलेला, इंजिन मागच्या फळीवर, पेट्रोलचा कॅन त्याच्या पायाशी आणि बॅटरी बाकाखाली. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उठते आणि मागची कड १५ सेंटिमीटरही खाली जाऊ शकते. वजन किलोभरानेही वाढलेले नाही, तरी होडीला आता दुप्पट खोल पाणी लागते. वीतभर पाण्यातून जाण्यासाठी महागडे इंजिन घेऊन सगळे सामान मागेच रचणारा माणूस आपलेच पैसे बुडवत असतो. म्हणून पहिले काम म्हणजे होडी काठाशी उभी करून, प्रत्येक जण आपल्या जागेवर बसल्यावर, तिच्या कडा पाण्याला समांतर आहेत का हे बाजूने पाहणे. पेट्रोल, नांगर, डबा-पाणी आणि सोबती पुढे सरकवा. दांडीला नळी जोडून ती लांब केली तर चालवणाऱ्यालाही हातभर पुढे बसता येते.

तोलाचा दुसरा भाग खुद्द इंजिनाचा. समजा इंजिन आणि त्याची बैठक मिळून २० किलो आहेत आणि ते वजन खिळीच्या ४० सेंटिमीटर पुढे आहे. शेपटी ९ किलोची आहे आणि तिचा भारमध्य खिळीच्या ९० सेंटिमीटर मागे आहे. दोन्ही बाजूंचे गुणाकार जवळपास सारखे येतात, म्हणून शेपटी दोन बोटांनी उचलता येते. त्याच सांगाड्यावर दुप्पट वजनाचे इंजिन चढवले की तोल जातो आणि पंखा पाण्यात धरून ठेवण्यासाठी दांडी सतत वर ओढत बसावे लागते. खिळीची जागा मागे-पुढे करता येईल असा सांगाडा मिळाला तर तोच घ्यावा. तोल किंचित शेपटीकडे झुकता ठेवावा. फळीची उंचीही याच हिशेबात येते. मागची फळी ३८ सेंटिमीटर उंच असेल आणि शेपटी १.६ मीटरची, तर दांडा पाण्याशी साधारण १५ अंशांचा कोन करतो. फळी ५० सेंटिमीटरची झाली की तो १९ अंशांपर्यंत जातो. फरक छोटा वाटतो, पण १५ अंशांना पंख्याच्या बळाचा वर उचलणारा घटक पाव असतो आणि १९ अंशांना एक तृतीयांश. ते बळ होडी पुढे नेण्याऐवजी मागची बाजू उचलून नाळ पाण्यात दाबू लागते. शिवाय अशा छोट्या इंजिनांत तेल तळाशी साठलेले असते आणि ते आतल्या आत उडवून वंगण होते. फार तिरके इंजिन चालवले की तेल भागांपर्यंत पोहोचत नाही, आणि तेल कमी झाल्यावर इंजिन बंद करणारी सोय असेल तर ती मध्येच इंजिन बंद पाडते. सर्वसाधारण कामाच्या छोट्या इंजिनांना २० अंशांच्या वर तिरके चालवू नये, हा ठोकताळा लक्षात ठेवला तर उंच फळीवर कमान चढवून लाँगटेल बसवण्याचा मोह होणार नाही.

आता हॉर्सपॉवर. जास्त ताकद घेतली तर हातात राहील, कमी घेतली तर पस्तावू, हा आक्षेप बाजारात नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. १२ फुटी होडी पाणी कापत चालते तेव्हा तिचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास अडतो, कारण ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या मागे अडकते. त्या लाटेवर चढून पाण्यावरून सरकायचे असेल तर वजनाच्या मानाने खरोखरच जास्त ताकद लागते. साडेसहा हॉर्सपॉवरचे, १६ किलोच्या आसपास वजनाचे इंजिन एकट्या माणसाला हलक्या होडीत तिथवर नेईल. दोन माणसे आणि सामान असले तर होडी नांगरासारखी पाणी उकरत राहील. पण तुम्हाला कुठे जायचे आहे, हे आधी ठरवा. लाँगटेल ज्या पाण्यासाठी आहे तिथे वेलींमधून, खुंटांमधून, ओहोटीच्या चरांतून ताशी ६-७ किलोमीटरने गेलात तरी पुष्कळ झाले. मोठ्या इंजिनाचे वजन मागे पडते, मागची बाजू बुडते आणि ज्या वीतभर पाण्यासाठी हे इंजिन घेतले तेच दुरावते. पंख्याचा बाजूला ओढणारा जोरही वाढतो. पंखा पृष्ठभागाजवळ फिरत असल्याने त्याच्या खालच्या पात्याला पाणी घट्ट लागते आणि वरच्या पात्याला सैल, म्हणून शेपटी सतत एकाच बाजूला चालू पाहते. टोकाला ५ किलोचा असा ओढा असेल, शेपटी दीड मीटरची आणि दांडी एक मीटरची असेल, तर हाताला साडेसात किलो धरून ठेवावे लागतात. तासाभरात खांदा भरून येतो. पहिल्या इंजिनासाठी साडेपाच ते साडेसहा हॉर्सपॉवर पुरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगाच्या जाहिरातींना भुलू नये म्हणून एक हिशेब जवळ असावा. लाँगटेलमध्ये गिअर नसतो, त्यामुळे इंजिनाचे जितके फेरे तितकेच पंख्याचे. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो घट्ट माध्यमात जितका पुढे सरकला असता तेवढे अंतर, ५ इंच असेल आणि इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत असेल, तर कागदावर वेग येतो ताशी २७ किलोमीटर. प्रत्यक्ष पाण्यात पंखा घसरतो. तिसरा हिस्सा ते निम्मा वेग त्या घसरणीत गेला असे धरले, तर हाती १४ ते १८ उरतात, आणि तेही होडी हलकी असेल तरच. जास्त पिचचा पंखा लावून हा आकडा वाढवायला गेले की छोटे इंजिन दमते, फेरे पडतात आणि ते तापते. वेलींच्या पाण्यासाठी पाती मागे वळलेली असावीत, म्हणजे गवत त्यांवरून निसटून जाते. जलपर्णीचा विरळ तवंग असा पंखा पार करतो, पण दाट गालिचा कोणताही पंखा पार करत नाही. मुळे दांड्याभोवती दोरीसारखी गुंडाळली जातात, आणि ती सोडवण्यासाठी दरवेळी इंजिन बंद करावे लागते, नुसती शेपटी उचलून चालत नाही.

आपल्याकडे पुढचा आक्षेप हमखास येतो : पंपाचे जुने इंजिन पडलेले आहे, गावातला वेल्डर हुशार आहे, मग तयार सांगाडा विकत कशाला घ्यायचा? व्हिएतनाममध्ये असेच झाले होते, मग आपण का नको? करता येईल, पण त्यासाठी वेल्डिंगपेक्षा नेमकेपणा जास्त लागतो. २५ मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा दोन टोकांना टेकवला आणि मधे दीड मीटर मोकळा ठेवला, तर मिनिटाला साधारण १,३०० फेऱ्यांच्या आसपास तो दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा फुगू लागतो. आपले इंजिन ३,६०० फेरे घेते, म्हणजे दांडा नळीवर आपटणार, बेअरिंग खाणार आणि सगळी होडी थरथरवणार. मधोमध एक भक्कम बेअरिंग दिले तर ही मर्यादा चौपट होऊन ५,००० च्या वर जाते आणि दांडा शांत फिरतो. दुसरी गोष्ट, पंखा होडीला ढकलतो तेव्हा तो दांड्यालाही इंजिनाच्या दिशेने ढकलत असतो. हा दाब झेलणारे वेगळे बेअरिंग नसेल तर तो थेट इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर जातो, आणि पंपाचे इंजिन अशा दाबासाठी केलेले नसते. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या कारागिराकडे आहेत त्याच्याकडून सांगाडा जरूर करून घ्यावा. नसतील, तर तयार सांगाड्याचा खर्च नुसत्या इंजिनाच्या दुरुस्तीत निघून जाईल.

आउटबोर्ड जास्त शांत असते, त्याला रिव्हर्स असतो, पेट्रोलही कमी लागते. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. तुमच्या पाण्याला वर्षभर मीटरभर खोली असेल आणि तळ स्वच्छ असेल, तर लाँगटेल घेऊ नका. पण कोकणातल्या खाड्यांचे फाटे ओहोटीला रिकामे होतात, धरणांचे फुगवटे उन्हाळ्यात मैलभर मागे हटतात आणि पाण्याखाली झाडांचे खुंट, जुने बांध उघडे पडतात. तिथे या यंत्राला तोड नाही.

पहिला दिवस पूर्णपणे शिकण्यासाठी राखून ठेवा. धरणावर वारा पडलेली सकाळ निवडा. खाडीत भरती लागल्यावरच पाण्यात उतरा, म्हणजे रुतलात तर पाणी तुम्हाला उचलेल. ओहोटीला रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच बसावे लागेल, आणि उधाणाच्या भरतीच्या टोकाला खाजणात चढून बसलात तर कदाचित दिवसचे दिवस. वल्हे आणि लांब बांबू या अडचणीसाठीच्या वस्तू समजू नका, त्या होडीतल्या नेहमीच्याच वस्तू आहेत. साध्या लाँगटेलला क्लच नसतो, न्यूट्रल नसतो. इंजिन सुरू झाले की पंखा फिरायला लागलाच. म्हणून आधी दांडी खाली दाबून शेपटी पाण्याबाहेर काढा, मागे कुणी नाही याची खात्री करा, एका हाताने दांडी धरूनच स्टार्टरची दोरी ओढा आणि मग थ्रॉटल अगदी कमी ठेवून पंखा हळूहळू पाण्यात उतरवा. घाईने टाकला तर होडी झेप घेते आणि उभा माणूस मागे पडतो. थांबायचे म्हणजे थ्रॉटल सोडून शेपटी उचलायची. ब्रेक नाही, रिव्हर्स नाही, म्हणून काठ येण्याच्या बऱ्याच आधी ही क्रिया करा आणि उरलेले अंतर वल्ह्याने कापा. वळताना दांडी डावीकडे गेली की होडी उजवीकडे वळते, उजवीकडे गेली की डावीकडे. मोकळ्या पाण्यात दोन्ही बाजूंना मोठी वर्तुळे काढा. एका बाजूचे वर्तुळ सहज येते आणि दुसऱ्या बाजूला झगडावे लागते असे जाणवेल, तोच पंख्याचा मघाशी सांगितलेला ओढा. कोणत्या बाजूला तो आहे हे हाताला पाठ झाल्याशिवाय अरुंद चरात शिरू नका. आणि भर वेगात तीव्र वळण कधीही घेऊ नका. बळ बाजूने लागले की सपाट तळाची होडी एका कडेवर झुकते आणि पाणी आत घेते.

रुतल्यावर बहुतेक जण थ्रॉटल पिळतात. पंख्याला गाळासोबत पाणीही लागते. नुसत्या चिखलात तो खड्डा खणतो, शेपटीच्या टोकाचे बुश तापते, सील झिजते. इंजिन बंद करा, सोबत्यासह वजन पुढे न्या म्हणजे मागची बाजू हलकी होईल, मग बांबूने आल्या वाटेने मागे सरका. खाडीच्या गाळात उतरून होडी ढकलायला जाऊ नका, कारण मांडीपर्यंत पाय रुतलेल्या माणसाला होडीतून ओढून काढणे फार कठीण जाते.

धोक्याबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. लाँगटेलचा पंखा उघडा असतो आणि तो हवेत फिरत असतानाही दिसतो, म्हणून तो लोकांना निरुपद्रवी वाटतो. दीड-दोन मीटरच्या त्रिज्येत तो कुठेही पोहोचू शकतो. ज्या होडीभोवती मुले पोहत आहेत त्या होडीत हे इंजिन सुरू करायचे नाही, आणि फिरती शेपटी कुणाच्या अंगावरून फिरवायची नाही. पंखा ओंडक्यावर चढला की शेपटी वर उडते आणि त्याच झटक्याने दांडी खाली येते, म्हणून ती मांडीच्या वर किंवा पोटाशी धरू नये, शरीराच्या बाजूला धरावी. मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेली, ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी हवीच. पंपाच्या इंजिनावर ती बहुधा नसते, ती बसवून घ्या. चालवणारा पाण्यात पडला आणि होडी तशीच गोल फिरत त्याच्याकडे आली, तर तो पंखा चुकवायला वेळ मिळत नाही. लाइफ जॅकेट पट्टे आवळून अंगातच असावे. पेट्रोल काठावर, इंजिन थंड झाल्यावर भरा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचून राहते. आवाज कानाजवळ असतो, कानात बोळे घाला.

हाच आवाज आणि हाच पंखा पाण्यातल्या जीवांनाही सोसावा लागतो. नांदूर-मध्यमेश्वरला २०१९ साली आणि ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तो उथळ पाण्यावर आणि गाळावर जगणाऱ्या पक्ष्यांमुळेच. लाँगटेल जिथे पोहोचते तिथेच रोहित चरतात, तिथेच तिसऱ्या आणि कालवे असतात. आपण जाऊ शकतो म्हणून जावेच असे नाही. अभयारण्याच्या हद्दी आधी पाहून ठेवा आणि थव्यापासून लांब असतानाच इंजिन बंद करून वल्हे हातात घ्या. कागदपत्रांचेही तसेच. देशांतर्गत जलमार्गांवरच्या नौकांसाठीचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा नवा आला, आणि यांत्रिक नौकांची नोंदणी त्यात येते. इंजिन बसवले की तुमची साधी होडी त्या वर्गात जाते. खाडीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात, धरणासाठी जलसंपदा विभागात आणि मासेमारी करणार असाल तर मत्स्यव्यवसाय विभागात, इंजिन घेण्यापूर्वीच चौकशी करा.

राहता राहिली निगा, आणि ती बहुतांशी एका ग्रीसगनवर अवलंबून आहे. शेपटीच्या टोकाचे बुश पंख्याशेजारी, पाण्यात आणि गाळात फिरते. त्यात भरलेले ग्रीस वंगण तर देतेच, शिवाय पाणी आत येऊ देत नाही. दर फेरीनंतर, होडी काठाला लागल्या लागल्या, ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर सांगाडा गोड्या पाण्याने धुवा, पण थेट इंजिनावर पाण्याचा झोत मारू नका. पंख्याच्या कडा हाताने चाचपा : वाकलेले पाते थरथर वाढवते आणि ती थरथर मधल्या बेअरिंगपर्यंत जाते. बाहेर आलेल्या ग्रीसचा रंग रोज पाहा. ते दुधासारखे पांढरट दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे, आणि नवे सील बसेपर्यंत होडी काठावरच राहू द्या.